कर्लीच्या बायकोला मुऱ्हाळी कोण येणार?

शिंदखेड्याची_ताई

आमच्याकडे वाचनालयात बायकांचा वाचनगट आहे. वाचणाऱ्या कमी, ऐकणाऱ्या जास्त. मी घरी पुस्तक वाचते आणि दुपारी तिथे गोष्ट सांगते, निम्मी मराठीत, निम्मी अहिराणीत. कापूस वेचणीच्या दिवसांत गट आपोआप बंद पडतो, त्यामुळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे महिने हीच आमची सुगी.

या वेळी जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ घेतली. १९३७ सालची छोटी कादंबरी. मला वाटलं, जॉर्ज आणि लेनीसाठी सगळ्या रडतील. ते राहिलं बाजूला, भांडण लागलं कर्लीच्या बायकोवरून.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मंदीचा काळ, कॅलिफोर्नियात सोलेदादजवळचं मोठं शेत. जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरते मजूर तिथे महिना ५० डॉलरवर कामाला लागतात. लेनी ताकदीला अफाट, अकलेनं लहान मूल. मालकाचा पोरगा कर्ली भांडकुदळ, लग्नाला दोनच आठवडे झालेले. त्याची बायको ही सगळ्या शेतावर एकटी बाई, आणि पुस्तकभर तिला नाव नाही. शेवटी तबेल्यात लेनी तिचे केस कुरवाळत असतो, ती ओरडते, तो घाबरतो आणि त्याच्या हातून तिची मान मोडते.

आमचं रजिस्टर सांभाळणारे आप्पा लांब टेबलावर बसून ऐकत होते. तिथूनच म्हणाले, “बाईनीच चाल बराबर नव्हती.” तीन-चार जणींनी माना डोलावल्या. लाल नखं, लाल पिसांचे गोंडे लावलेल्या सपाता, आणि नवरा शेतावर असताना गड्यांच्या खोलीच्या दारात उभं राहायचं म्हणजे काय! तेवढ्यात एक जण, जी एरवी तोंड उघडत नाही, पदर नीट करत म्हणाली, “मंग तिनी बोलानं कोनासंगे?”

आणि मग सुरू झालं. ती दर वेळी दारात येऊन विचारते, कर्ली इथे आहे का? कर्ली तिथे नाही हे तिला माहीत असतं. आमच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. चक्कीवर अर्धाच डबा दळण घेऊन जाणारी सून काय पिठासाठी जाते? बाहेर पडायला कारण लागतं, आणि ते कारण नवऱ्याच्या किंवा घराच्या नावाचंच लागतं.

कर्ली डाव्या हातात मोजा घालतो, आत व्हॅसलीन. बायकोसाठी हात मऊ ठेवतोय, असं गड्यांत सांगत फिरतो. हे ऐकल्यावर तर आप्पांच्या बाजूच्या बायकाही इकडे आल्या. बंद खोलीतली गोष्ट नवरा गड्यांत सांगतो आणि चालू कोण, तर ती!

मग एका म्हातारीनं विचारलं, “तिले आखाजीले मुऱ्हाळी कोन येई?” बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या खान्देशात आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं आणि नवं ठरतं, आणि त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांना न्यायला माहेरचं माणूस येतं तो मुऱ्हाळी, झोके बांधतात, गाणी म्हणतात. म्हातारीच्या प्रश्नानं मी घरी येऊन पुस्तक पुन्हा चाळलं. तिथे दोन्ही नाही. मजूर येतात, महिनाभर राबतात, शनिवारी गावात जाऊन पैसे उडवतात आणि पुढच्या शेतावर निघून जातात. तिची ओळख व्हावी इतकं कोणी टिकतच नाही. आणि माहेर? सिनेमात घेतो म्हणणाऱ्या एका माणसाचं पत्र आईनंच लपवलं, असा तिचा पक्का समज. त्या रागात तिनं कर्लीशी लग्न केलं. म्हणजे माहेराचं दार तिनं स्वतःच ओढून घेतलेलं.

माझा प्रश्न असा की, स्टाइनबेकनं तिच्यावर अन्याय केलाय का? मला वाटतं, केलाय. ती पानावर येण्याआधीच शेतावरचा म्हातारा गडी कँडी तिची चुगली करून मोकळा होतो, म्हणजे आपण तिला बघतो तेच त्याच्या डोळ्यांनी. ती मनातलं बोलते ते अगदी शेवटाकडे, आणि तेही लेनीशी, ज्याच्या डोक्यात फक्त पुढे कधीतरी पाळायचे ससे आहेत. कर्ली मला आवडत नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, असं ती म्हणते आणि थोड्याच वेळात मरते. त्यावर लेखक लिहितो की, आता तिच्या चेहऱ्यावरची कटकट, लक्ष वेधायची धडपड सगळी गेली आणि ती गोड, कोवळी दिसत होती. मला इथे रागच आला. गोड दिसायला बाईनं आधी मरायचं का?

आणि पुढच्या महिन्यासाठी अशाच एखाद्या बाईची अमेरिकन गोष्ट सुचवा. फार लांब नको.

जिभाऊ_धुळे

ताई, ही कादंबरी मी कॉलेजात बरीच वर्षं शिकवली. आता निवृत्त आहे. तुमच्या गटातला वाद वर्गातल्या वादापेक्षा बरा दिसतो, आमची पोरं “सर, परीक्षेत येईल का” एवढंच विचारायची.

त्याच वर्षी, १९३७ च्या नोव्हेंबरात, याचं नाटक न्यूयॉर्कला आलं. बायकोची भूमिका क्लेअर लूस नावाच्या नटीची. ही बाई नेमकी कशी, हा प्रश्न तिलाही पडला होता, आणि १९३८ मध्ये स्टाइनबेकनं तिला पत्र लिहून खुलासा केला. त्याचा आशय असा: ती भांडणाच्या, संशयाच्या घरात वाढली. कोणावर विश्वास ठेवायचा नाही हेच तिला शिकवलं गेलं. माणूस म्हणून तिच्याकडे कधी कोणी पाहिलंच नाही. तुम्ही तिला ओळखू लागलात तर तिच्यावर माया कराल.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मग पुस्तकात का नाही सांगितलं? माझं मत तुमच्या उलट आहे. त्यानं मुद्दामच आपल्याला कँडीच्या शेजारी बसवलंय. आपणही आधी तिला नावं ठेवतो आणि तबेल्यातल्या त्या दुपारी तोंडावर आपटतो. पहिल्याच पानावर तिची दुःखं सांगितली असती, तर तुमचे आप्पा उघडे पडले असते का?

नाटकात एक वेगळी गोष्ट आहे. तिथे ती छोटी बॅग भरून तबेल्यात येते, पळून जायच्या बेतानं. १९३९ च्या सिनेमात तिला नावही मिळालं, मे. पण मला विचाराल तर पुस्तकातली बिननावाची जास्त झोंबते.

आणि हे आप्पांना जरूर सांगा. ती मेलेली पडलीय, स्लिम नावाचा गडी कर्लीला म्हणतो, तू बायकोजवळ थांब. कर्ली थांबत नाही. बंदूक घेऊन लेनीला मारायला जातो.

खळ्यावरचा

सगळ्यांना नमस्कार. मी शिक्षक नाही, ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. कादंबरी मुलीच्या अभ्यासात होती म्हणून वाचली. माझे वडील सालदार होते, म्हणून चार शब्द.

आम्ही मालकाच्या खळ्यावर राहायचो. आखाजीला साल ठरायचं, उचल मिळायची, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात आधीच गेलेली असायची. मालकाची धाकटी सून चांगली होती. दुपारी खळ्यावर यायची, गाय कशी आहे, पोरगं शाळेत जातं का, असं विचारायची. वडील बैलाकडे तोंड करून उत्तर द्यायचे. मी लहान होतो, मला ते उद्धट वाटायचं. पण कोणी एक शब्द उलटसुलट बोललं असतं तर तिला घरात बोलणी बसली असती, आणि आमचं साल गेलं असतं, वर उचल फेडायची ती वेगळी. दोघांची शिक्षा सारखी नव्हती.

जॉर्ज लेनीला तिच्यापासून लांब राहा म्हणतो, ते बाईच्या द्वेषानं असं सगळेच लिहितात. थोडं असेलही, शिव्या तर तो भरपूर देतो. पण हे दोघे आधीच्या गावातून जीव वाचवून पळालेत. लेनीनं एका पोरीचा झगा मऊ लागतो म्हणून धरला, ती ओरडली, लोक मागे लागले, आणि हे पाटाच्या पाण्यात लपून बसले. असा माणूस मालकाच्या सुनेशी दारात गप्पा मारेल?

आणि तुम्ही दोघांनी क्रुक्सचं नावच काढलं नाही. शेतावरचा एकटा काळा माणूस, पाठीत वाकलेला, त्याला बाकीच्यांबरोबर झोपायलाही जागा नाही, खोगीर-लगामाच्या खोलीत वेगळा राहतो. शनिवारी रात्री सगळे गावात जातात, कर्लीसुद्धा, आणि ती या खोलीत येते. म्हणते, सगळे दुबळे तेवढे मागे ठेवलेत. हे ती बरोबर बोलते, आणि स्वतः त्यातच मोडते. क्रुक्स तिला बाहेर जा म्हणतो. त्यावर ती म्हणते, मी मनात आणलं तर तुला झाडाला लटकवू शकते. त्या काळच्या अमेरिकेत ही पोकळ धमकी नव्हती. तो पुस्तकातला सगळ्यात स्वाभिमानी माणूस, पण तिथल्या तिथे विझतो. “हो मॅडम” एवढंच म्हणतो.

तिची कीव मलाही येते. पण नवऱ्यापुढे तिचं काही चालत नाही, म्हणून ती खालच्यावर चालवते. तुमच्या गटात हे सांगितलं का, ताई?

तापीकाठ

मी मूळची शहाद्याची, आता पुण्यात. पुढच्या महिन्यासाठी माझं मत सुझन ग्लास्पेलच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ला. १९१७ ची कथा, एका बैठकीत संपते. आधी १९१६ मध्ये तिनं याच विषयावर ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली होती.

आयोवातलं एक शेतघर. नवऱ्याचा झोपेत दोरीनं गळा आवळला गेलाय, बायको मिनी तुरुंगात. पुरावा शोधायला शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी येतात, सोबत शेरीफची आणि शेजाऱ्याची बायको. पुरुष माडीवर आणि गोठ्यात फिरतात, बायका स्वयंपाकघरात थांबतात. थंडीनं फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेलं टेबल, गोधडीचा एकच तुकडा वेडावाकडा शिवलेला, बाकी टाके सरळ. पुरुष त्यावर हसतात. शेवटी शिवणाच्या डब्यात मान पिरगळलेला कॅनरी सापडतो, रेशमी कापडात गुंडाळलेला. दोन्ही बायकांना सगळं कळतं, आणि त्या एकमेकींशी फारसं न बोलता तो पक्षी लपवतात.

ग्लास्पेल आधी वार्ताहर होती. १९०० च्या डिसेंबरात आयोवात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला, त्या खटल्याच्या बातम्या तिनं दिल्या होत्या. त्याच्या बायकोला शिक्षा झाली, वरच्या कोर्टानं ती रद्द केली, आणि १९०३ च्या दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. ज्युरीत सगळे पुरुषच, कारण आयोवात बायकांना ज्युरीत बसायला १९२० साल उजाडावं लागलं.

या अमेरिकन बायका इतक्या एकट्या का, याचं एक कारण मला जमिनीच्या कायद्यात दिसतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे, पण पाच वर्षं त्याच जमिनीवर राहायची अट. त्यामुळे प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानात, गाव असं बनलंच नाही, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. मिनीचं घर तर खोलगट जागेत, तिथून रस्ताही दिसत नाही. नवरा टेलिफोनसुद्धा घेऊ देत नाही. आपल्याकडे शेत शिवारात आणि घर गावठाणात, भिंतीला भिंत. आमच्या आजीचे हाल कमी नव्हते, पण रडायचा आवाज शेजारी ऐकू जायचा. अर्थात शेजारीण येऊन काय म्हणायची? “नांद माय.” तेव्हा आपल्या गर्दीचंही फार कौतुक करायला नको.

शिंदखेड्याची_ताई

ग्लास्पेल पक्की. गोधडी म्हटल्यावर आमच्या निम्म्या जणी टाक्यांवरूनच खुनी ओळखतील.

जिभाऊ, पत्राचं मी नक्की सांगते, पण तुमचं पटलं नाही. आपण तोंडावर आपटावं म्हणून तिला अख्खं पुस्तक शिव्या खाव्या लागतात. किंमत तिनंच मोजली ना?

खळ्यावरच्या भाऊ, क्रुक्सचा प्रसंग मी सांगितला होता, पण धमकी दोन वाक्यांत उरकली. बायका तिच्या बाजूनं यायला लागल्या होत्या, मला तो रंग मोडायचा नव्हता. तुम्हीच या एकदा. वडिलांचं आणि बैलाचं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. आमच्यात दोघी-तिघींचे नवरे आजही साल धरतात आणि दोघी-तिघींच्या घरी सालदार आहेत. सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात, पण या विषयावर अजून कधी बोलल्या नाहीत.

खळ्यावरचा

येतो ताई. पण आखाजीनंतर ठेवा. आधी बोललो तर साल ठरवताना कोणाच्या तरी घरी त्याचं निघेल.