ईआरसीपीनंतरचा ताप: दोष फक्त दुर्बिणीचा नाही

ईआरसीपीनंतर, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा किंवा अडथळा काढल्यानंतर, रक्तात जंतू गेले की दुर्बीण नीट धुतलेली नसणार, असं बरेचजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. त्या दुर्बिणीच्या टोकाची हलणारी पट्टी साफ करायला अवघड असते हे खरंच. अमेरिकेत त्यातून जंतुसंसर्गाच्या साथी आल्या आणि २०१५ मध्ये एफडीएने (तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला. पण बहुतेक वेळा जंतू रुग्णाच्याच तुंबलेल्या पित्तात असतात. पित्तनळीत एक्स-रेवर दिसणारा डाय दाबाने सोडला आणि सगळं पित्त बाहेर निघालं नाही, की ते जंतू रक्तात ढकलले जातात. म्हणून सरसकट सगळ्यांना आधीपासून अँटिबायोटिक देत नाहीत. निचरा अपुरा राहील असं वाटतं तिथे मात्र देतात.

यात सहसा कुणी न बोललेली गोष्ट म्हणजे स्टेंट, पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनळीत ठेवलेली छोटी नळी. माझ्या मामांना मिरजेत खडा काढून प्लास्टिकचा स्टेंट घातला होता. असा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो. तासगावला परतल्यावर द्राक्षाची छाटणी आली, मामांना बरं वाटत होतं, स्टेंट काढायची तारीख मागे पडली. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे. गावात व्हायरल समजून गोळ्या दिल्या, स्टेंटचं कुणी विचारलंच नाही. सांगलीला नेईपर्यंत बीपी खाली गेलं होतं. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला, स्टेंट बदलल्यावरच ताप उतरला, नुसत्या इंजेक्शनांनी नाही. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट आहे का आणि कधी काढायचा, हे घरातल्या दोघांनी तरी वाचून ठेवा, आणि थंडी वाजून ताप आला तर ते कार्ड घेऊन त्याच दिवशी निघा.