मदत हवी आहे: कच्च्या केळ्याची भाजी, मधुमेह आणि पोटातला गुबारा

नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातले, घरची केळीची बाग आहे. वडिलांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी पिकलेली केळी बंद केल्यापासून ते कळण्याच्या भाकरीबरोबर जवळजवळ रोज कच्च्या केळ्याची भाजी मागतात. कच्चे केळे गोड लागत नाही, म्हणजे त्यात साखर नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. (स्वतःच्या बागेतले केळे स्वतःलाच वर्ज्य, हे दुःख वेगळे.)

मागच्या रविवारी मी ओट्यावर हिरव्या, अर्धवट पिकलेल्या आणि ठिपके पडलेल्या केळ्याची एकेक चकती ठेवून तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला; स्टार्च असेल तिथे तो काळानिळा होतो. पहिली शाईसारखी काळीनिळी झाली, दुसरी कुठे काळी तर कुठे नुसती तपकिरी, आणि तिसरीवर औषधाचाच डाग राहिला. कच्च्या गरात वजनाच्या सुमारे २० टक्के असलेला स्टार्च पिकताना एक-दोन टक्क्यांवर येतो, कारण बाकीच्याची साखर झालेली असते.

पोटातही हेच घडते असे वाचले: लाळेतील अमायलेज हे विकर (अन्न पचवणारे एन्झाइम) घासाबरोबर काम सुरू करते, जठरातील आम्लात ते थंडावते, लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्यांचे तुकडे करते आणि आतड्याच्या अस्तरावरील माल्टेजसारखी विकरे त्या तुकड्यांतून सुटे ग्लुकोज मोकळे करतात, जे रक्तातून आधी यकृताकडे जाते. म्हणजे भाकरी काय अन् भाजी काय, शेवट ग्लुकोजच. मात्र कच्च्या गरातील बराचसा स्टार्च या विकरांना दाद देत नाही; तो मोठ्या आतड्यात उतरतो आणि तेथील जिवाणू तो आंबवतात. वडिलांची बाजू इथे थोडी खरी ठरते. पण आम्ही केळी उकडून घेतो, आणि उकडल्यावर स्टार्चचे कण फुगून मऊ पडतात व सहज पचतात.

त्यातच दोन महिन्यांपूर्वी जेवणाआधीची व्होग्लिबोजची गोळी सुरू झाली, जी आतड्याच्या अस्तरावरील याच विकरांना अडवून ग्लुकोज सुटण्याचा वेग कमी करते. तेव्हापासून त्यांच्या पोटात गुबारा धरतो. दोष ते गोळीला देतात, आई भाजीला देते.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. न पचलेला स्टार्च खाली जाऊन आंबतो म्हणून हा वायू होतो, असे मानायचे तर त्यात गोळीचा वाटा किती आणि केळ्याचा किती, हे घरी कसे ओळखावे? आठवडाभर भाजी बंद ठेवून, गोळी तशीच चालू ठेवून पाहणे पुरेसे आहे का? उकडून गार केलेल्या फोडींत काही स्टार्च पुन्हा घट्ट होतो म्हणतात. मग सकाळी उकडून संध्याकाळी फोडणी दिल्यास साखरेत फरक दिसेल का, की सरळ एक भाकरी कमी करणेच बरे? त्यांची पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे आणि तोपर्यंत गोळीत आम्ही काहीही बदल करणार नाही.