मदत हवी आहे : मध्ययुगीन इंग्लंडमधील युद्धाश्वांच्या नोंदींविषयी

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्यातील नाइट (घोडेस्वार योद्धे) आणि त्यांचे घोडे या विषयावर मी एक लेख लिहीत असून, स्कॉटलंडमधील 1298 च्या फॉल्कर्क मोहिमेच्या घोडेनोंदींपाशी अडलो आहे. मोहिमेआधी राजाचे अधिकारी प्रत्येक घोड्याची किंमत ठरवून त्याचा रंग आणि धन्याचे नाव चर्मपत्रावर उतरवीत आणि घोडा चाकरीत मेला तर तेवढी भरपाई राजाकडून मिळे. साध्या नाइटचा रोजमुरा दोन शिलिंग, तर चांगल्या युद्धाश्वाची किंमत कित्येक पौंड, म्हणजे त्या नाइटच्या काही महिन्यांच्या कमाईएवढी. त्यामुळे ही नोंद निव्वळ कारकुनी नव्हती.

माझ्या अडचणी दोन आहेत. घोडा खरोखरच मेला, विकला किंवा बदलला नाही, याची खातरजमा कशी होई. आपल्याकडे मोगली रिवाजात घोड्याला डाग (तापल्या लोखंडाची खूण) देत, तसे तिथे काही होते काय? दुसरे, त्या नोंदींतील ‘बे’ या तांबूस-तपकिरी रंगाला मी कुमाईत म्हणतो, पण ‘लायार्ड’ या ठिपकेदार करड्या रंगाला ‘सबजा’ पुरेसा वाटत नाही (आणि ‘अबलख’ तर चूकच). अश्वपरीक्षेच्या जुन्या मराठी पोथ्या पाहिलेल्या जाणकारांनी नेमका शब्द कृपया सुचवावा.