इंद्रियदमन, आत्मसंयम की स्वतःवर ताबा?

आगाशीची:
मंडळी, अडकलेय. आमच्या चर्चमधल्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) मुलांसाठी इंग्रजीवरून चार पानी पत्रक करतेय. मुद्दा साधा आहे: देवाने माणसाला निवड करायची मोकळीक दिली, आणि पवित्र आत्म्याच्या साहाय्याने माणूस स्वतःला आवरू शकतो. 'फ्री विल'ला 'इच्छास्वातंत्र्य' लिहिलं. 'सेल्फ-कंट्रोल'ला बायबलात पौलाच्या गलतीकरांस पत्रात, आत्म्याच्या फळांच्या यादीत आहे तेच ठेवलं, 'इंद्रियदमन'. आठवी-नववीच्या पोरांना वाचून दाखवलं तर 'इंद्रिय' म्हणताच मागच्या बाकावर खसखस पिकली. एकीने विचारलं, "टीचर, दमण म्हणजे दीव-दमणवालं?" मग 'आत्मसंयम' केलं, तर आमचे जुने शिक्षक म्हणाले, पौलाचा शब्द बदलायचा नाही. काय लिहू? शुक्रवारी छापायला द्यायचंय.

नगरी:
बदलू नका, ताई. शब्बाथ शाळेत आम्ही ते वचन एका दमात म्हणायचो. 'सौम्यता, इंद्रियदमन' येईस्तोवर श्वास संपायचा, म्हणून तर जन्मभर लक्षात राहिलं. बाकी पौलाने काही मराठीत लिहिलं नव्हतं, त्याचा ग्रीक शब्द 'एन्क्रातेइया'. पण इंद्रियदमन चपखल आहे. प्रेषितांची कृत्ये, 24 वा अध्याय काढा. पौल रोमन सुभेदार फेलिक्सपुढे नीतिमत्त्व, हेच इंद्रियदमन आणि पुढचा न्याय यांवर बोलतो आणि फेलिक्सला घाम फुटतो. शेजारी द्रुसिल्ला बसलेली, दुसऱ्या राजाची बायको, यानेच नवऱ्यापासून फोडून आणलेली. 'स्वतःला आवरा' म्हटल्याने त्याला घाम फुटला असता का?

पोथीनिष्ठ:
मी ख्रिस्ती नाही, पण शब्दाचं म्हणाल तर 'इंद्रिय' इंद्रावरून आला. पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलंय. म्हणजे पौलाच्या पत्रात इंद्र बसलाय, हे ज्यांनी भाषांतर केलं त्यांना ठाऊक असेलच! 'आत्मसंयम'वाल्यांनीही जपून. योगसूत्रांत 'संयम' म्हणजे धारणा, ध्यान, समाधी तिन्ही एकत्र. ग्रीक शब्दात 'क्रातोस' आहे, म्हणजे बळ, सत्ता. त्याची तुलना आपल्या 'क्रतु'शी करतात. ईशोपनिषदातल्या 'ॐ क्रतो स्मर' मधला क्रतु, संकल्पशक्ती. तेव्हा 'स्वक्रतुत्व' म्हणायला हरकत नसावी.

कट्ट्यावरचा:
पोथीनिष्ठ, 'स्वक्रतुत्व' वाचून आठवीची पोरं धर्मांतर करून तुमच्याकडे येतील, सांभाळा.
मला 'दमन' खटकतं. आजच्या मराठीत दमन सरकार करतं, नाहीतर मानसशास्त्रात मन करतं, वासना आत दाबून ठेवून. दोन्हीकडे पुढे स्फोट होतो. साधं 'मन आवरणं' म्हणा. आई दिवसातून दहा वेळा म्हणायची, "आवर स्वतःला." तीही आवराआवरच.

अर्धाग्रीक:
एक गोष्ट सुटतेय. त्याच मराठी बायबलात तीमथ्याला दुसरे पत्र 1:7 मध्ये 'सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा' आहे. तिथे ग्रीक शब्द वेगळा, 'सोफ्रोनिस्मोस'. दोन ग्रीक शब्दांना दोन मराठी शब्द, म्हणजे भाषांतरकार डोळे मिटून लिहीत नव्हते. ॲरिस्टॉटल या दोघांत भेद करतो: ज्याला वाईट वासना होतात पण जो त्यांना दाद देत नाही तो एन्क्रातेस, आणि ज्याला तशा वासनाच छळत नाहीत तो सोफ्रोन. पहिल्यात झटापट आहे, दुसऱ्यात नाही. ही झटापट 'संयम'मध्ये ऐकू येत नाही, 'दमन'मध्ये येते. म्हणून माझं मत नगरी यांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. करिंथकरांना पौल स्पर्धेतल्या खेळाडूचं उदाहरण देतो, तिथेही तीच ग्रीक क्रिया आहे, आणि खेळाडू तर गोडधोड, झोप, सगळंच आवरतो. नुसत्या फेलिक्सच्या भानगडीवर शब्द तोलू नका.

आगाशीची:
आभारी आहे, पण 'फ्री विल'चं कुणी बोलतच नाहीये :)

बांदेकर वकील:
त्याला 'राजीखुशी'. दस्तात आम्ही रोज लिहितो, 'माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले'. कुणाचं दडपण नाही आणि डोकं ठिकाणावर आहे, दोन्ही अटी आल्या. तुमच्या जुन्या करारातही 'स्वखुशीची अर्पणे' आहेत, इंग्रजीत त्यांना 'फ्रीविल'च म्हणतात. खुशी फारसी, राजी अरबी, आणि देवाचं काही बिघडलं नाही. 'इच्छास्वातंत्र्य' हा परीक्षेच्या पेपरातला शब्द. 'इच्छापत्र' आणि 'इच्छास्वातंत्र्य' शेजारी आले की माझे पक्षकार विचारतात, वारसांना काय मिळणार?

नगरी:
वकीलसाहेब, राजीखुशी अर्पणाला ठीक. पण इथे प्रश्न असा की माणूस राजी होतो तो स्वतःच्या बळावर होतो का? रोमकरांस 7 मध्ये पौल म्हणतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही, नको ते वाईट मात्र हातून घडतं. खुशी आहे, ताकद नाही. यावर कॅथलिक पंडित इरॅस्मसने 1524 मध्ये इच्छा मोकळी आहे म्हणून पुस्तक लिहिलं, 1525 मध्ये प्रोटेस्टंट सुधारक लूथरने ती बांधलेली आहे म्हणून लिहिलं. लूथर म्हणतो, इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. देव स्वार झाला तर देव नेईल तिकडे, सैतान झाला तर सैतान नेईल तिकडे. आणि स्वार निवडायचा अधिकार जनावराला नाही!

आगाशीची:
आमच्याकडे, कॅथलिकांत, ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये सांगितलंय की पापामुळे इच्छा दुबळी झाली, वाकली, पण नष्ट झाली नाही. मला पोरांना तेच सांगायचंय. जनावर नको.

विरारचा भाचा:
शब्दांत पडत नाही, मामाचं सांगतो. दारू. मनोनिग्रह, इंद्रियदमन, नवस, सगळं करून झालं. दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवशी सोडायचा, ईस्टरच्या रात्री पुन्हा धरायचा. चाळीस दिवस कडकडीत, बरं का! म्हणजे संयम नव्हता असं कोण म्हणेल? शेवटी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला गेला. तिथली पहिलीच पायरी: दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. तिसरी: आपली इच्छा आणि आयुष्य, आपल्याला जसा कळतो तशा देवाच्या स्वाधीन करायचा निर्णय घेणं. मामा म्हणतो, "ताबा ठेवायचा सोडला तेव्हा ताबा आला." आजही सभेला जातो, आणि खिशात गोळ्या-चॉकलेटं असतात.

अर्धाग्रीक:
भाचेबुवा, तुम्ही लिहिलेला 'स्वाधीन' पाहा! स्व + अधीन, म्हणजे स्वतःच्या ताब्यात. 'मन स्वाधीन ठेव' म्हणतो तेव्हा हाच अर्थ. पण 'चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं' म्हणताना तोच शब्द दुसऱ्याच्या ताब्यात जातो. एकाच शब्दात इरॅस्मस आणि लूथर. आगाशीच्या ताई, 'फ्री विल'ला 'स्वाधीनता' घ्या. सुरुवातीच्या ग्रीक धर्मपित्यांचा शब्द होता 'औतेक्सूसिऑन', स्वतःवर स्वतःचा अधिकार. हुबेहूब.

पोथीनिष्ठ:
अपप्रयोग! 'च्या स्वाधीन' हे मुळात चूक, 'च्या अधीन' हवं. चूक रूढ झाली म्हणून तिच्यावर ईश्वरशास्त्र बांधायचं?

कट्ट्यावरचा:
रूढ झाली की तीच मराठी. आणि 'स्वाधीनता दिवस' हिंदीत असतो; पोरं आता झेंडावंदनाला उभी राहतील.

बांदेकर वकील:
'च्या स्वाधीन' कोर्टात रोज चालतं. अपप्रयोग म्हणून एकही दावा फेटाळलेला मी पाहिलेला नाही.

आगाशीची:
'फ्री विल'ला 'निवडीची मोकळीक' ठेवतेय, पोरांना कळलं. दुसऱ्याचं मात्र घोंगडं भिजतंय. आमच्या धर्मशिक्षणात आत्म्याची फळं बारा आहेत, आणि त्यात शुचिता वेगळी मोजली आहे. मग लैंगिक बाबतीतलं आवरणं तिच्याकडे गेलं, 'इंद्रियदमन' शब्दाला तिथे काम उरत नाही. 'संयम' पुरे.

नगरी:
बारा? फळं नऊ आहेत ताई! नऊ शब्द आम्ही बोटांवर मोजलेत. आणि 'फळं' नाही, 'फळ', एकवचनी.

आगाशीची:
बारा लॅटिन बायबलातून आली. तिथे संयमही आहे आणि शुचिताही.

अर्धाग्रीक:
ग्रीकमध्ये नऊच. लॅटिनमध्ये काही शब्दांचे दोन-दोन झाले असावेत.

नगरी:
म्हणजे इंद्रियदमन फोडून त्यातून शुचिता काढली! मग मूळ शब्दात ती होतीच की. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

आगाशीची:
उलट, तो शब्द एका कामाला कमी पडत होता म्हणून दुसरा आणावा लागला, असं झालं ना हे?

पोथीनिष्ठ:
'शुचिता' की 'शुचित्व', हे आधी ठरवा.