ती ब्रीफकेस विसरू नका

'एका वाक्यात मिटला असता तो गैरसमज, मग दीड तास कशाला?' असं कुणीतरी 'टॉप हॅट' (१९३५) या हॉलिवूडच्या संगीतपटाबद्दल विचारलंय. बरोबर आहे, पण गंमत ते वाक्य कसं लांबवलंय त्यातच आहे.

हॉटेलचा माणूस डेलला (जिंजर रॉजर्स) सांगतो, हातात ब्रीफकेस आणि काठी आहे ना, तेच हॉरेस हार्डविक (तिच्या मैत्रिणीचा नवरा). ती वर बघेपर्यंत त्या दोन्ही वस्तू नायकाच्या, फ्रेड अस्टेअरच्या हातात आलेल्या! झालं, आपल्याच मैत्रिणीचा नवरा आपल्या मागे लागलाय अशी तिची खात्री पटते, आणि याच्या थोबाडीत बसते.

पुढे व्हेनिसमध्ये (सगळं स्टुडिओतलं, चकचकीत पांढरं) तीच मैत्रीण मॅज या दोघांना नाचायला पाठवते, वर खुणा करते, अगं, अजून जवळ! तिला बिचारीला यांचं जमवायचंय. आणि डेलला वाटतं, ही कसली बाई, स्वतःचा नवरा माझ्या गळ्यात घालतेय! तिचा तो गोंधळलेला चेहरा नीट बघा. 'चीक टू चीक' तिथूनच सुरू होतं, त्यामुळे ते नुसतं मध्येच घुसडलेलं गाणं वाटत नाही.

त्या नाचात तिच्या ड्रेसची शहामृगाची पिसं गळताना दिसतात. शूटिंगच्या वेळी अस्टेअर त्या पिसांवर जाम वैतागला होता म्हणे. पडद्यावर मात्र पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर एक आठी नाही.

शेवटची पळापळ जरा ताणलीय, हे मान्य.