नवा ब्लॉग सुरू करण्यापूर्वी किती लेख हाताशी असावेत?

प्रश्न – नभोवाचक

नमस्कार. आकाशनिरीक्षणाची नुकतीच गोडी लागलेल्या वाचकांसाठी मराठीतून ब्लॉग सुरू करण्याचे मी ठरवले आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि टिपणांच्या वह्याही बऱ्याच साचलेल्या आहेत. परंतु ब्लॉग खुला करण्यापूर्वी किती लेख पूर्ण करून ठेवावेत, याचा निर्णय होत नाही. कोणी पाच म्हणते, कोणी तीस, आणि त्या आकड्यामागचे कारण मात्र कोणीच सांगत नाही. दुर्बिणीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) कशी निवडावी, देवयानी दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) आकाशात कशी शोधावी आणि ताऱ्यांची प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप, म्हणजे काय, या विषयांवरचे माझे लेख पूर्ण झाले आहेत. आणखी काही अर्धवट आहेत.

थोड्याच लेखांवर सुरुवात केली, तर आलेला वाचक सगळे चाळून निघून जाईल आणि पुन्हा फिरकणार नाही, अशी धास्ती वाटते. भरपूर साठा होईपर्यंत थांबायचे, तर आणखी एक लेख होऊ दे, आणखी एक होऊ दे, असे करता करता ब्लॉग सुरूच होणार नाही. नोकरी सांभाळून आठवड्याला एक लेख मला झेपेल असा अंदाज आहे. अशा स्थितीत ‘पुरेसे’ हे नेमके कशावरून ठरवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद – टिपणवही

आकडा आधी ठरवून त्याच्यामागे धावण्यापेक्षा तुमच्या तयार लेखांनाच विचारावे, की त्यांना आणखी कोणाची सोबत हवी आहे. ही केवळ बोलण्याची पद्धत नाही. ते प्रत्यक्ष करून पाहता येते. एक लेख कागदावर छापून घ्या, विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाच्या नजरेने वाचा आणि जिथे वाचक अडेल तिथे तिथे खूण करा.

तुमचा नेत्रिकेचा लेख घेऊ. त्यात विशालनाचे सूत्र येणारच: दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून वा आरशापासून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर) नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचे. ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला १० मिमीची नेत्रिका लावली, की ९० पट विशालन मिळते. इथवर ठीक आहे. आता नवखा वाचक लगेच विचारतो, की मग ३ मिमीची नेत्रिका लावून ३०० पट का पाहू नये? त्याचे उत्तर नेत्रिकेत नाही, ते दुर्बिणीच्या व्यासात आहे. वस्तुभिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेतला, तर त्याच्या सुमारे दुपटीपलीकडे विशालन वाढवून हाती फक्त मोठी झालेली अंधूक प्रतिमा लागते. म्हणजे व्यासावरचा स्वतंत्र लेख नसेल, तर नेत्रिकेचा लेख एका पायावर उभा आहे. देवयानीच्या लेखाचे तर याहून अधिक अडेल, कारण तिथे पोचण्याचा रस्ता शर्मिष्ठा या तारकासमूहावरून किंवा महाश्व या तारकासमूहातल्या चौकोनावरून जातो आणि ते दोन्ही ओळखता न येणारा वाचक पहिल्याच परिच्छेदात हरवतो. त्याला हेही कुठेतरी सांगावे लागेल, की डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि छायाचित्रात दिसते तशी दीर्घिका त्याला दिसणार नाही, फिकट धुरकट ठिपका तेवढा दिसेल. हे कोणी आधी सांगितले नाही, तर माणूस दुर्बीण बिघडली असे समजून ती माळ्यावर टाकतो, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते. प्रतीवरचा लेख मात्र स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो: आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, आणि व्याधासारख्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याची प्रत शून्याच्याही खाली, सुमारे उणे १.५. एवढे समजावले, की वाचक आणखी कशावाचून अडत नाही.

अशा खुणा केल्यावर दोन प्रकारच्या जागा दिसतील. काही शंका त्याच लेखात दोन-तीन वाक्यांत मिटतात; त्या तिथेच मिटवाव्यात. ज्यांना स्वतंत्र लेखच लागतो, त्यांची यादी करावी आणि ते लेख ब्लॉग खुला होण्यापूर्वी पूर्ण करावेत. मग त्या नव्या लेखांनाही हीच कसोटी लावावी, पण एकदाच. नाहीतर प्रकाशाच्या अपवर्तनापर्यंत मागे मागे जात राहाल. जो आकडा निघेल तो तुमच्या विषयातून निघालेला असेल. तो आठ असो की चौदा, त्याला कारण असेल. आणि लेख एकमेकांना जिथे हात देतात तिथे दुवेही आपोआप सुचतील, त्यामुळे वाचक एका लेखावरून दुसऱ्यावर जाईल. वाचक सगळे चाळून निघून जाईल, या तुमच्या धास्तीवर मला तरी हाच उपाय ठाऊक आहे. जो लेख वाचकाच्या मनात उठलेल्या शंकेला पुढची दिशा दाखवतो, तो वाचून कोणी सहसा उठून जात नाही.

प्रतिसाद – संथगती

वरील कसोटी मला पटली. तिच्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. सुरुवातीच्या दिवशी वाचकाला किती दिसणार हा एक हिशेब, आणि त्या दिवशी न दाखवता किती शिल्लक ठेवणार हा दुसरा. बहुतेक जण पहिलाच करतात. सगळा साठा पहिल्याच दिवशी प्रसिद्ध होतो, पुढचे दोन आठवडे उत्साहात निघतात, मग कार्यालयात कामाचा ताण येतो किंवा घरात कोणी आजारी पडते आणि ब्लॉगवर तीच शेवटची तारीख महिनोन्‌महिने राहते.

शिल्लक किती असावी याचे उत्तर तुमच्या गेल्या वर्षात आहे. सलग किती दिवस तुम्हाला लिहायला बसता आले नव्हते, ते आठवून पाहा. तो काळ महिन्याभराचा असेल आणि आठवड्याला एक लेख द्यायचा असेल, तर चार लेख पूर्ण, तपासलेले, चित्रांसह तयार असायला हवेत, आणि त्यांतला एक खर्च झाला की तो भरून काढणे हे पुढचे पहिले काम समजावे. ‘आठवड्याला एक’ हा अंदाजही जाहीर करण्यापूर्वी तपासून घ्यावा. सध्या जे लेख अर्धवट आहेत ते याच वेगाने पूर्ण होत आहेत का, हे पाहिले की उत्तर मिळते. होत नसतील, तर पंधरवड्याला एक लेख हा वेगही सन्मानाचाच आहे.

शिल्लक म्हणून कोणते लेख ठेवावेत, याचाही विचार तुमच्या विषयात करावा लागेल, कारण आकाश कोणासाठी थांबत नाही. मिथुन उल्कावर्षाव दर वर्षी १३–१४ डिसेंबरच्या सुमारास ऐन भरात असतो. त्याची माहिती लोक त्याच्या आधी शोधतात, नंतर नव्हे. तो लेख नोव्हेंबरच्या अखेरीस वाचकांपुढे यायला हवा, म्हणजे त्याआधी बराच काळ तो लिहून झालेला हवा. १२ ऑगस्ट २०२६ च्या खग्रास सूर्यग्रहणावर लिहिलेला लेख ग्रहण उलटले, की संदर्भापुरता उरतो. असे तारखेला बांधलेले लेख जरूर लिहावेत, पण शिलकीत धरू नयेत. शिलकीत कधीही देता येईल असेच लेखन हवे: दुर्बिणीची निगा, निरीक्षणाची नोंदवही कशी ठेवावी, आरसा केव्हा पुसावा आणि केव्हा पुसू नये, अशा प्रकारचे.

एक तांत्रिक सूचना. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीवर लेखाला पुढची तारीख आणि वेळ देऊन ठेवता येते. परंतु स्वतःच्या होस्टिंगवर चालणाऱ्या वर्डप्रेसमध्ये ही व्यवस्था, वेगळी सोय केलेली नसेल तर, कोणीतरी संकेतस्थळाला भेट दिली की मगच जागी होते. नव्या ब्लॉगवर वर्दळ नसते, त्यामुळे सकाळी सातला लावलेला लेख दुपारी कोणी फिरकेपर्यंत तसाच अडकून पडू शकतो. पहिल्या काही महिन्यांत नियोजित वेळेनंतर आपणच एकदा ब्लॉग उघडून पाहावा, किंवा होस्टिंगच्या नियंत्रण पॅनेलमध्ये ठरावीक अंतराने चालणारे क्रॉन काम लावून घ्यावे.

प्रतिसाद – उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. वाचक कुठे अडेल हे लेखकाला घरबसल्या पूर्णपणे कळत नाही. कागदावर केलेल्या खुणा या अखेर आपल्या कल्पनेतल्या वाचकाच्या खुणा असतात. दुर्बिणीच्या व्यासाबद्दल तो विचारील असे आपल्याला वाटते आणि प्रत्यक्षात तो विचारतो, की स्टँड हलतो त्याचे काय करू. म्हणून मी म्हणेन, की स्वतःच्या पायावर उभे राहणारे चार-पाच लेख झाले, की ब्लॉग खुला करावा आणि पुढचे लेख वाचकांच्या प्रश्नांवरून ठरवावेत. सुरुवातीला वाचक थोडेच असतात, त्यामुळे लेख दुरुस्त करायला, शीर्षक बदलायला, दोन लेखांचा एक करायला तो काळ फार सोयीचा असतो. शिवाय शोधयंत्रांना नव्या संकेतस्थळाची दखल घ्यायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. तो काळ मसुद्यांच्या फोल्डरमध्ये वाया घालवण्यापेक्षा लेख बाहेर ठेवून घालवावा.

मात्र काही गोष्टी नंतर बदलणे जड जाते आणि त्या पहिल्या लेखापूर्वीच ठरलेल्या असाव्यात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची म्हणजे लेखांच्या पत्त्यांची रचना. वर्डप्रेसवर पत्त्यात तारीख ठेवायची की नुसते लेखाचे नाव, हे आपण ठरवू शकतो. पण लेख इतरत्र जोडले गेल्यावर ही रचना बदलली, तर जुने दुवे तुटू नयेत म्हणून ते नव्या पत्त्यांकडे वळवत बसावे लागते. गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर वर्ष आणि महिना पत्त्यात येतातच. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, पत्त्यात गेले की नऊ अक्षरांचे होते आणि वर्डप्रेस लेखाच्या नावासाठी दोनशेच अक्षरांची जागा देते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे मावतात आणि लांब मराठी शीर्षक मध्येच कापले जाते. ब्लॉगर तर देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवतच नाही, ‘ब्लॉग-पोस्ट’ असे एकसारखे इंग्रजी नाव देऊन मोकळा होतो. प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येक लेखाला स्वतः छोटा, रोमन लिपीतला पत्ता द्यावा.

आणि वर्डप्रेसच्या वाचनविषयक सेटिंगमध्ये शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये अशी विनंती करणारा चौकोन असतो. तयारीच्या काळात तो चालू ठेवणे योग्यच. ब्लॉग खुला करताना तो आठवणीने बंद करावा. तो चालू राहिला, तर पाच लेख असोत की पन्नास, शोधातून कोणीच येणार नाही.

नभोवाचक

सर्वांचे मनापासून आभार. टिपणवही यांची कसोटी मी दोन लेखांना लावून पाहिली. देवयानीच्या लेखात खुणा इतक्या झाल्या, की तो पहिल्या फळीत ठेवावा की नाही हाच प्रश्न पडला. दोन शंका उरल्या आहेत. जाहिरातींच्या मंजुरीसाठी ठरावीक संख्येने लेख असावे लागतात असे ऐकले आहे, ते खरे आहे का? आणि सगळे लेख एकाच दिवशी प्रसिद्ध केले, तर सगळ्यांवर एकच तारीख दिसेल. त्यांना मागच्या तारखा द्याव्यात का?

प्रतिसाद – टिपणवही

गूगलने अ‍ॅडसेन्स या आपल्या जाहिरातसेवेसाठी लेखांची किमान संख्या जाहीर केलेली नाही. मजकूर स्वतःचा आणि मौलिक असावा, अर्जदार अठरा वर्षांचा असावा आणि धोरणांचे पालन व्हावे, अशा त्यांच्या अटी आहेत. लेखाच्या लांबीबाबतही शोधात अमुक शब्दसंख्येला पसंती नसल्याचे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा त्या हिशेबाने लेख ताणू नयेत. पण जाहिरातींचा विचार पहिल्या काही महिन्यांत मनात आणूच नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विषय कोणता आधी घ्यावा याचा निर्णय त्या विचाराने बिघडतो.

मागच्या तारखा देऊ नयेत. वर्डप्रेस ती मुभा देते, पण त्यातून ब्लॉग जुना असल्याचा आभास निर्माण होतो आणि वाचकाचे त्याने काही भले होत नाही. एकच तारीख दिसली तर दिसू द्यावी. प्रसिद्धीचा क्रम मात्र विचारपूर्वक लावावा, कारण सर्वांत शेवटी प्रसिद्ध झालेला लेख सर्वांत वर दिसतो. वर्डप्रेस मूळ रचनेत मुखपृष्ठावर आणि आरएसएस फीडमध्ये (नवे लेख वाचकांपर्यंत पोचवणाऱ्या यादीत) दहाच लेख दाखवते, तेव्हा त्याहून अधिक असतील तर पाठीमागे जाणारे कोणते हे आपण ठरवावे. ‘येथून सुरुवात करा’ असा एक लेख लिहून तो वर चिकटवून ठेवावा आणि त्यात बाकीचे लेख वाचण्याचा क्रम द्यावा. वर्डप्रेसने आपोआप घातलेला नमुना लेख आणि नमुना पान काढून टाकायला विसरू नये.

उंबरठा यांचा मुद्दा मी मान्य करतो. स्टँडचा प्रश्न मला सुचला नसता. त्यामुळे माझ्या कसोटीतून निघालेली यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता, जे लेख आजच कोणाच्या आधाराशिवाय उभे आहेत ते घेऊन ब्लॉग खुला करावा, असे आता मला वाटते. प्रतीचा लेख तसा आहेच. नेत्रिकेच्या लेखाला व्यासाच्या लेखाची जोड तेवढी द्यावी. शर्मिष्ठा आणि महाश्व ओळखण्याचे लेख होईपर्यंत देवयानी मसुद्यातच राहू द्यावी. ती संध्याकाळी सोयीच्या वेळी डोक्यावर येते ती नोव्हेंबरच्या सुमारास, तोवर ते दोन्ही लेख होऊ शकतील.