विंडोज ७ एसपी१ च्या डीव्हीडीतच अपडेट घालायचे आहेत, क्रम कोणता?

लॅब_सहायक
प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या कार्डांचे ड्रायव्हर फक्त विंडोज ७ वर, ६४-बिटमध्ये चालतात. संगणकांना इंटरनेट द्यायचं नाही, म्हणून सगळे अपडेट आधीच आत असलेली डिस्क हवी आहे. हाताशी प्रोफेशनल एसपी१ (सर्व्हिस पॅक १) ची मूळ आयएसओ, म्हणजे डिस्कची प्रतिमा-फाइल, आहे. इन्स्टॉल.विम (विंडोजची इमेज असलेली फाइल) माउंट करून, म्हणजे फोल्डरात उघडून, डिझम या कमांडने केबी ३१२५५७४ हा अपडेट घालायला गेलं की ०x८००एफ०८१ई ही त्रुटी येते. फाइल पुन्हा उतरवली, तरी तेच. शिवाय दोन संगणकांना फक्त यूएसबी ३ पोर्ट आहेत, तिथे सेटअपच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस चालत नाहीत. सेटअप सुरू करणाऱ्या बूट.विममध्येही काही घालावं लागतं का?

विम_कारागीर
०x८००एफ०८१ई म्हणजे 'हे पॅकेज या इमेजला लागू होत नाही'. फाइल खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. कारणं बहुतेक दोनच: ३२-बिटची एमएसयू (अपडेटची फाइल) ६४-बिट इमेजवर चढवली जातेय, किंवा त्या पॅकेजच्या आधी लागणारं काहीतरी इमेजमध्ये नाही. तुमच्या बाबतीत दुसरं दिसतंय. ३१२५५७४ हा मे २०१६ चा मोठा रोलअप (अनेक अपडेटचा एकत्र गठ्ठा) आहे आणि त्याला एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे केबी ३०२०३६९, आधी लागतो. सर्व्हिसिंग स्टॅक हीच अपडेट बसवणारी यंत्रणा. ती जुनी असेल तर पुढची पॅकेजं तिला ओळखताच येत नाहीत.

क्रम असा ठेवा: ३०२०३६९, मग ४४९०६२८ (मार्च २०१९ चा स्टॅक), मग ४४७४४१९, मग ३१२५५७४, शेवटी ४५३४३१०. यातला ४४७४४१९ वगळू नका. २०१९ च्या उत्तरार्धापासूनचे अपडेट फक्त शा-२ (नव्या पद्धतीच्या डिजिटल) सहीचे आहेत आणि ती सही तपासायची क्षमता या पॅकेजमुळे येते. ४५३४३१० हा १४ जानेवारी २०२० चा, म्हणजे विस्तारित पाठिंबा संपला त्या दिवशीचा मासिक रोलअप. त्यात वॉलपेपर 'स्ट्रेच' ठेवला की डेस्कटॉप काळा होतो. केबी ४५३९६०२ त्यावरचा उपाय, तोही मागोमाग घाला.

सगळ्या एमएसयू एका फोल्डरमध्ये टाकून डिझमला फोल्डर दाखवू नका, तुम्हाला हवा तो क्रम तिथे पाळला जाईलच असं नाही. एकेक पॅकेज, एकेक कमांड. प्रत्येकानंतर 'गेट-पॅकेजेस' चालवून नाव यादीत आलं का बघा. काहींपुढे 'इन्स्टॉल पेंडिंग' दिसेल. ते ठीक आहे, उरलेलं काम पहिल्या बूटला होतं.

सुरुवातीलाच अडणाऱ्या दोन गोष्टी. डीव्हीडीवरून कॉपी केलेली इन्स्टॉल.विम 'रीड-ओन्ली' राहते आणि माउंट करताना ०xसी१५१०१११ येतं, तेव्हा गुणधर्मांत जाऊन ती खूण काढा. आणि माउंटचं फोल्डर रिकामं, एनटीएफएस ड्राइव्हवरच हवं.

बूट_मित्र
बूट.विमकडे दुर्लक्ष केलं तर बाकीची मेहनत वाया जाते. तिच्यात दोन इंडेक्स (क्रमांक दिलेल्या इमेज) असतात, १ म्हणजे नुसतं विनपीई (विंडोजची छोटी बूट आवृत्ती) आणि २ म्हणजे सेटअप. डीव्हीडीवरून सुरू होतो तो २. त्यामुळे यूएसबी ३ चे ड्रायव्हर इंडेक्स २ मध्ये घातलेच पाहिजेत. इन्स्टॉल.विममध्येही तेच घाला, नाहीतर सेटअप पार पडेल आणि डेस्कटॉपवर पुन्हा कीबोर्ड बंद. इंटेलच्या १०० मालिकेच्या चिपसेटपासून जुना ईएचसीआय (यूएसबी २ चा) नियंत्रकच नाही, म्हणून विंडोज ७ ला ते पोर्ट दिसत नाहीत. ड्रायव्हरची एक्सई फाइल चालत नाही. ती उघडून आतल्या आयएनएफ फायलींचं फोल्डर 'ॲड-ड्रायव्हर'ला 'रिकर्स' (उपफोल्डरही पाहा) या पर्यायासह द्या. सही नसलेला ड्रायव्हर जबरदस्तीने घालायचा पर्याय ६४-बिटमध्ये वापरू नका, बूटच अडकेल.

४४९०६२८ आणि ४४७४४१९ बूट.विमच्या इंडेक्स २ मध्येही चढवा. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली) बूटला ०xसी००००४२८, म्हणजे डिजिटल सही पडताळता येत नाही, ही त्रुटी दिसली तर संशय आधी इथेच घ्यावा. एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडीचा प्रकार) असेल तर केबी २९९०९४१ आणि ३०८७८७३ हे अपडेट बूट.विम आणि इन्स्टॉल.विम दोन्हींत हवेत.

आणखी एक विम हमखास विसरली जाते: इन्स्टॉल.विमच्या आत, सिस्टिम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये विनआरई.विम (दुरुस्तीची इमेज) असते. तिच्यात ड्रायव्हर नसेल, तर दुरुस्तीच्या पडद्यावर कीबोर्ड नसणार, आणि तो नेमका त्याच वेळी लागतो.

जुनी_आवृत्ती
माझी आयएसओ एसपी१ च्या आधीची, ७६०० बिल्डची आहे. एसपी१ असाच डिझमने घालता येईल का?

विम_कारागीर
नाही. एसपी१ माउंट केलेल्या इमेजमध्ये घालायची सोय विंडोज ७ मध्ये नाही. शक्य असेल तर ७६०१ (एसपी१) चीच आयएसओ घ्या. नाहीच मिळाली तर आभासी यंत्रात ७६०० बसवा, स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (खातं न बनवता बदल करण्याची अवस्था) जा, एसपी१ चढवा, सिसप्रेप हे साधन 'जनरलाइझ' (या यंत्राची ओळख पुसा) आणि 'ओओबीई' (पुढच्या वेळी स्वागताचा पडदा दाखवा) पर्यायांसह चालवून यंत्र बंद करा. मग विनपीईतून ते विभाजन कॅप्चर करा. तीच तुमची नवी इन्स्टॉल.विम.

लॅब_सहायक
क्रम बदलल्यावर ३१२५५७४ चढला. पण 'कमिट' (बदल विममध्ये जतन) करताना ०xसी१४२०११७ आलं. आणि विम एवढी फुगलीय की साध्या डीव्हीडीत मावत नाही.

बूट_मित्र
०xसी१४२०११७ म्हणजे माउंट फोल्डरातली एखादी फाइल कुणीतरी धरून ठेवली आहे. एक्सप्लोररच्या खिडक्या आणि त्या फोल्डरात उभं असलेलं कमांड प्रॉम्प्ट बंद करा, अँटीव्हायरसमधून ते फोल्डर वगळा आणि पुन्हा अनमाउंट करा. सगळं जतन होण्याआधी 'डिस्कार्ड' (बदल टाकून द्या) देऊ नका.

आकारासाठी फक्त प्रोफेशनलचा इंडेक्स कमाल कॉम्प्रेशनने नव्या विममध्ये एक्स्पोर्ट करा. जागा खरी तिथे सुटते, कारण बदललेल्या फायलींच्या जुन्या प्रती विममध्ये पडून राहतात आणि एक्स्पोर्टमध्ये त्या येत नाहीत. 'रिसेटबेस' (जुने घटक कायमचे काढणारा पर्याय) याच्या मागे लागू नका, विंडोज ७ च्या इमेजला ते लागू नाही. तरीही मोठी राहिली तर ८.५ जीबीची दुहेरी थराची डीव्हीडी घ्या. पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी फॅट३२ असेल, तर ४ जीबीची मर्यादा आडवी येते. तिथे विम ३८०० एमबीच्या एसडब्ल्यूएम तुकड्यांत फोडा, सेटअप ते वाचतो.

आयएसओ ओएससीडीइमेज या साधनाने बांधताना यूडीएफ फाइलप्रणाली द्या आणि आकाराची मर्यादा उठवणारा 'एम' स्विच लावा. ईटीएफएसबूट आणि ईएफआयसिस या दोन्ही बूट फायली दिल्यात तरच डिस्क बायोस आणि यूईएफआय दोन्हींवर चालेल. स्विच आणि त्याच्या मूल्यामध्ये मोकळी जागा सोडू नका, नाहीतर त्रुटी येते आणि दोष मार्गात आहे असं वाटत राहतं. डीव्हीडी जाळण्याआधी आयएसओ आभासी यंत्रात दोनदा बसवून पाहा, एकदा बायोसवर, एकदा यूईएफआयवर.